तोंड तुटलेली विनाशिका: १९३५ चं वादळ आणि जपानी नौदलाचं चुकलेलं गणित

जपानच्या हात्सुयुकी या विनाशिकेचे (डिस्ट्रॉयर, म्हणजे टॉर्पेडो मारणारी लहान, वेगवान युद्धनौका) सप्टेंबर १९३५ मधले फोटो आहेत. पहिल्यांदा बघताना आपल्याला वाटतं फोटोच अर्धा कापलाय. ब्रिज (जहाज जिथून चालवतात ती जागा) आहे, चिमण्या आहेत, मागच्या तोफा जिथल्या तिथे आहेत, पण ब्रिजच्या पुढे जहाजच नाही. नाळेचा, म्हणजे जहाजाच्या तोंडाचा सगळा भाग कोणीतरी उसाचं कांडं मोडावं तसा मोडून नेलाय, आणि मजा अशी की ना तिला तोफगोळा लागला होता, ना टॉर्पेडो, ना ती खडकावर आपटली होती, शांततेच्या काळात आपल्याच नौदलाच्या सरावाला निघाली होती आणि लाटेने तोडली. त्याच दिवशी त्याच वादळात तिची बहीण यूगिरी, तिचंही अगदी तस्संच झालं. दोन्ही जहाजं फुबुकी वर्गातली, म्हणजे त्या काळात जगातल्या सगळ्यात जबरदस्त विनाशिका म्हणून ज्यांचं नाव होतं त्यातली.

याला जपानमध्ये चौथ्या आरमाराची दुर्घटना म्हणतात. वादळ हे याचं कारण म्हणून सांगतात आणि वादळ होतंच, पण माझं मत विचाराल तर ती जहाजं समुद्रात मोडायच्या कितीतरी आधी ड्रॉइंग बोर्डवर मोडली होती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दीड वर्ष आधी एक अपघात होऊनसुद्धा प्रश्न चुकीचा विचारला गेला म्हणून ती मोडली. ते कसं, ते जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात १९२२ च्या वॉशिंग्टन करारापासून. त्यात अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण ५ : ५ : ३ ठरलं. जपानी नौदलाच्या डोक्यात कायम एकच चित्र, अमेरिकेचं आरमार पॅसिफिक ओलांडून येणार आणि आपण त्याला वाटेत कुरतडत कुरतडत शेवटच्या लढाईपर्यंत बारीक करणार. मोठ्या जहाजांत तीनावर अडकलो तर कुरतडणार कशाने? रात्रीच्या अंधारात टॉर्पेडो मारणाऱ्या विनाशिकांनी. यात त्यांचा आत्मविश्वास जुनाच होता, १९०४ च्या फेब्रुवारीत रशियाशी युद्ध सुरू झालं ते पोर्ट आर्थर या रशियन तळावर जपानी विनाशिकांनी रात्री केलेल्या टॉर्पेडो हल्ल्यानेच. आणि त्या करारात विनाशिकांच्या संख्येवर मर्यादाच नव्हती! मग काय, रान मोकळं.

त्यातून फुबुकी वर्ग जन्माला आला. १९२६ ते १९३३ या काळात एकूण २४ जहाजं बांधली. कागदावर १,६८० टन, लांबी साधारण ११८ मीटर, वेग ३८ नॉट (ताशी सुमारे ७० किलोमीटर), १२.७ सेंटिमीटरच्या ६ तोफा आणि त्याही बंदिस्त घरात बसवलेल्या, ६१ सेंटिमीटर टॉर्पेडोच्या ९ नळ्या, शिवाय नळ्या रिकाम्या झाल्या की परत भरायला जादा टॉर्पेडो. इतर देशांच्या विनाशिकांवर तेव्हा तोफखान्यातली पोरं उघड्यावर, नुसत्या ढालीमागे उभी राहून भिजत गोळे भरायची, ब्रिजवर ताडपत्री असायची. फुबुकीवर सगळं बंदिस्त. जगभरच्या नौदलांचे डोळे पांढरे झाले ते उगाच नाही.

आता एवढं सगळं एवढ्या वजनात बसवायचं तर कुठेतरी काटछाट करावी लागणारच. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, इथे पाय आधी पसरले आणि अंथरूण ओढून ओढून पातळ केलं. पत्रे पातळ, सांगाडा हलका, जिथे जमेल तिथे रिव्हेटऐवजी (पत्रे जोडणारे खिळे) वेल्डिंग, कारण रिव्हेटला पत्र्यावर पत्रा चढवावा लागतो, वेल्डिंगला लागत नाही, तेवढं वजन वाचतं. आणि इतकं करूनही जहाजं ठरल्यापेक्षा जड झालीच.

डिझाइन होतं फुजिमोतो किकुओ याचं. या माणसाबद्दल मला वाईटच वाटतं. त्याच्या आधी नौदलाच्या जहाजांचं डिझाइन करायच्या खुर्चीत हिरागा युझुरू होता, प्रचंड हुशार आणि तितकाच हट्टी. त्याच्या नावावर कोटी होती, युझुरू म्हणजे साधारण 'नमतं घेणारा', तर लोक त्याला चिडवायचे 'न नमणारा हिरागा'. जनरल स्टाफवाले (नौदलाच्या युद्धयोजना आखणारे अधिकारी) आले की आणखी दोन तोफा लावा, हा म्हणणार नाही लागणार, जा. अर्थात कमी वजनात जास्त माल कोंबायचा हा खेळ सुरू केला त्यानेच, १९२३ ची युबारी नावाची क्रूझर (विनाशिकेहून मोठी युद्धनौका) त्याचीच, सुमारे ३ हजार टनांत ५,५०० टनी क्रूझरच्या तोडीची मारा करायची ताकद. पण कुठे थांबायचं ते त्याला कळायचं आणि थांबवायची जीभही होती. वीसच्या दशकाच्या मध्यात त्याला बाजूला काढलं आणि फुजिमोतो आला, नव्या कल्पनांचा आणि स्वभावाने मऊ. स्टाफवाल्यांना असा माणूस म्हणजे पर्वणीच की. ते मागत गेले आणि हा जमवत गेला. प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतो, कुठलंही काम नाही म्हणत नाही आणि सगळे त्याच्याच टेबलावर फाइल टाकतात.

१९३० चा लंडन करार आला आणि विनाशिकांचंही रेशनिंग झालं. जपानला एकूण १,०५,५०० टन, एका विनाशिकेला जास्तीत जास्त १,८५० टन, आणि १,५०० टनांच्या वरची जहाजं एकूण टनेजच्या १६ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. म्हणजे फुबुकीसारखी आणखी बांधता येईना. मग स्टाफने काय मागावं? १,४०० टनांत जवळजवळ फुबुकीच द्या! ती झाली हात्सुहारू, ५ तोफा आणि ९ नळ्या. आणि ६०० टनांखालच्या जहाजांवर करारात मर्यादा नव्हती म्हणून तिथेही पळवाट शोधली, चिदोरी वर्गाच्या टॉर्पेडो बोटी, नावाला बोट पण शस्त्रं छोट्या विनाशिकेची.

इशारे मिळत होते बरं का. डिसेंबर १९३२ मध्ये सावाराबी ही जुन्या छोट्या वर्गातली विनाशिका तैवानजवळ खराब हवेत उलटून बुडाली. १९३३ मध्ये हात्सुहारू चाचणीला नेली आणि वेगात वळवली तर ३८ अंश कलली. तीन हंडे डोक्यावर घेतलेल्या बाईला कोणी पळत वळायला सांगितलं तर जे होईल ते. बाजूंना फुगवटे जोडून वेळ मारून नेली.

मग १२ मार्च १९३४. चिदोरी वर्गातली तोमोझुरू, नौदलात दाखल होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. सासेबोजवळ रात्रीचा टॉर्पेडो सराव, समुद्र खवळलेला, आणि ती उलटली. बुडाली नाही, पालथी तरंगत राहिली, तशीच ओढून सासेबोला आणली. ११३ जणांपैकी १०० गेले.

नौदल हादरलं. चौकशी झाली, फुजिमोतोला पदावरून दूर केलं, हिरागाला सल्लागार म्हणून परत बोलावलं. फुजिमोतो जानेवारी १९३५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला, पन्नाशीही गाठली नव्हती. आणि सगळ्या जहाजांची तपासणी सुरू झाली, कुठलं जहाज वरून जड आहे, कुणाची शस्त्रं उतरवायची, कुणाच्या तळाशी वजन घालायचं. हात्सुहारूच्या तीनातल्या एका टॉर्पेडो माउंटला फाटा दिला, नळ्या ९ वरून ६ वर आल्या.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे. तोमोझुरूने विचारलेला प्रश्न होता की जहाज उलटेल का. त्याचं उत्तर शोधायला नौदलाने जिवाचं रान केलं. पण ज्या सवयीने जहाज वरून जड झालं, म्हणजे वजन वाचवा, पत्रा पातळ करा, जमवा काहीतरी, त्याच सवयीने ते कमकुवतही झालं असणार ना? जहाज उलटेल का आणि जहाज मोडेल का हे दोन वेगळे पेपर आहेत. गणिताच्या फेरपरीक्षेत पास झालो म्हणून सायन्सचा पेपर सुटत नाही. उलट तळाशी वजन घालून जहाज सरळ उभं राहायला शिकलं तरी त्याच जुन्या पातळ सांगाड्यावर वाढीव बोजा पडला. लांबीच्या दिशेने हा सांगाडा किती वाकणं सहन करेल, हा प्रश्न तेव्हा तेवढ्या जोरात कोणी लावून धरला नाही. तो दुसरा पेपर समुद्रानेच घेतला.

सप्टेंबर १९३५, वार्षिक मोठा सराव. त्यासाठी तात्पुरतं एक चौथं आरमार उभं केलेलं, सरावातला 'शत्रू', प्रमुख व्हाइस ॲडमिरल मात्सुशिता हाजिमे, ध्वजनौका आशिगारा. हाकोदाते बंदरातून निघून हे आरमार ईशान्य जपानच्या सानरिकू किनाऱ्याच्या पूर्वेला पॅसिफिकमध्ये गेलं. तुफान येतंय हे माहीत होतं. आता काही जण मात्सुशिताला मूर्ख ठरवतात, मला ते पटत नाही. त्या नौदलाची संस्कृतीच अशी की लढाईत हवामान विचारून येत नाही तर सरावात कशाला विचारायचं. ऑगस्ट १९२७ मध्ये मिहोनोसेकीजवळ रात्री दिवे विझवून पूर्ण वेगात सराव करताना जिन्त्सू ही क्रूझर वाराबी या विनाशिकेवर आदळली, वाराबी दोन तुकडे होऊन बुडाली, शंभराहून जास्त माणसं गेली, जिन्त्सूच्या कप्तानाने नंतर आत्महत्या केली, तरी सरावाची कडक पद्धत काही बदलली नाही. शिवाय आरमार एकदा वादळाच्या तोंडाशी गेलं की एवढ्या जहाजांना त्या लाटांत मागे वळवणं हाही जुगारच, वळताना जहाज लाटेला आडवं होतं आणि तोमोझुरू सगळ्यांच्या डोळ्यासमोर होती. गंमत बघा, उलटण्याच्या भीतीने तोंड लाटेकडे ठेवलं, आणि मोडलं ते तोंडच.

२६ तारखेला ते तुफानात शिरले. लाटा १० ते १५ मीटर, काही त्याहून उंच, आणि नुसत्या उंच नाहीत तर वेगवेगळ्या दिशांनी येऊन एकमेकींवर चढणाऱ्या, टोकदार. ४१ जहाजांपैकी १९ जहाजांचं नुकसान झालं. होशो या विमानवाहू जहाजाचा पुढचा फ्लाइट डेक कोसळला, र्यूजोचा ब्रिज चेपला. म्योको या मोठ्या क्रूझरचे रिव्हेट ढिले झाले, दोन महिन्यांपूर्वी दाखल झालेल्या कोऱ्या मोगामीचे पत्रे वाकले. मुत्सुकी या जुन्या विनाशिकेचा ब्रिज लाटेने चिरडला. पाणबुड्यांची आईजहाज तायगेई, जी बहुतेक वेल्डिंगनेच बांधली होती, तिच्या अंगाला तडे गेले. आणि हात्सुयुकी, यूगिरी यांच्या नाळा गेल्या. एकूण ५४ माणसं मेली, बहुतेक याच दोन विनाशिकांवरची, पुढच्या भागात असलेली.

एक भाग मला वाचताना फार लागतो. हात्सुयुकीचं तुटलेलं तोंड लगेच बुडालं नाही, तरंगत राहिलं. आणि त्या भागात होती वायरलेसची खोली, सांकेतिक पुस्तकांसकट. ते ओढून न्यायचा प्रयत्न झाला, त्या समुद्रात जमेना, आणि पुस्तकं परक्याच्या हाती लागू नयेत म्हणून शेवटी आपल्याच क्रूझरने गोळे मारून ते बुडवलं. आत आपली माणसं होती. जिवंत होती की नव्हती, त्या दारापर्यंत कोणाला जाता आलं नाही.

दोन्ही विनाशिकांचे मागचे उरलेले भाग मात्र तरले. ब्रिजखालचा आडवा बल्कहेड (पाणी अडवणारी आतली भिंत) टिकला आणि जहाजं परत आली. म्हणजे डिझाइनमध्ये सगळंच टाकाऊ होतं असंही नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी वाचल्यावर लोक लगेच अख्ख्या माणसावर फुली मारतात.

आता मोडलं का, त्याचं साधं गणित. जहाज म्हणजे एक लांब पोकळ तुळई. लाटेचा माथा बरोबर जहाजाच्या मधोमध आला की दोन्ही टोकं अधांतरी, गुडघ्यावर ऊस मोडतो तसं. दोन माथे दोन टोकांखाली आले की मधलं पोट लोंबकळतं, दोघांनी टोकं धरलेल्या शिडीवर मध्ये कोणी बसावं तसं. वरचा पत्रा एका क्षणी ताणला जातो, दुसऱ्या क्षणी दाबला जातो, आणि पातळ पत्रा ताणापेक्षा दाबात आधी दगा देतो, सुरकुतून वाकतो. डिझाइन करताना गृहीत काय धरायचे? जहाजाएवढी लांब लाट आणि तिची उंची लांबीच्या विसाव्या भागाइतकी. हा जपानचा वेडेपणा नव्हता, जगभर साधारण असाच हिशेब चालायचा. ११८ मीटरच्या जहाजाला म्हणजे ६ मीटरची लाट. त्या दिवशी लाटांची उंची त्यांच्या लांबीच्या दहाव्या भागापर्यंत गेलेली होती. उंची दुप्पट की वाकवणारा जोर जवळपास दुप्पट. त्यात जहाज लाटेवरून धाडकन खाली आपटतं तो मार वेगळाच. जाड सांगाड्याच्या जहाजात थोडी शिल्लक ठेवलेली असते, ती असा दिवस निभावून नेते. फुबुकीत ती शिल्लक तोफांनी आणि टॉर्पेडोंनी आधीच खाल्लेली.

चौकशीत दोष आला तो ताकद कमी असण्यावर आणि वेल्डिंगवर. वेल्डिंगचं म्हणाल तर तेव्हाचं जास्त ताकदीचं पोलाद वेल्ड करायला अवघडच होतं, कारागिरीही नवी. पण नौदलाने यातून जो धडा घेतला तो जरा दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिण्यातला होता. जहाजाच्या मुख्य ताकदीच्या भागांत वेल्डिंग जवळपास बंदच, परत रिव्हेटकडे. पुढे यामातो ही प्रचंड युद्धनौका बांधली तीसुद्धा मुख्यतः रिव्हेटवर. आणि याच काळात अमेरिका वेल्डिंग नीट शिकत होती, ज्याच्या जोरावर युद्धात त्यांनी धडाधड जहाजं काढली. त्यांचीही सुरुवातीची काही मालवाहू जहाजं तडे जाऊन मोडली, पण त्यांनी कारण शोधलं, पद्धत टाकून दिली नाही.

दुरुस्ती मात्र मनापासून झाली. सगळ्या फुबुकी आळीपाळीने गोदीत घेतल्या, सांगाडा आणि पत्रे जाड केले, तळाशी वजन घातलं, ब्रिज लहान केला, जादा टॉर्पेडो कमी केले. १,६८० टनांचं जहाज २ हजार टनांच्या वर गेलं आणि ३८ नॉटचा वेग ३४ च्या आसपास आला. म्हणजे जगाला ज्या आकड्यांनी चकित केलं होतं ते आकडे खरे नव्हतेच एका अर्थी, समुद्राला चालेल असं जहाज या वजनाचं आणि या वेगाचंच होतं. तोपर्यंत जपानने करार मोडायची नोटीस दिलेली होती, जानेवारी १९३६ मध्ये लंडनच्या दुसऱ्या परिषदेतून ते उठून गेले, मग टनेजची चोरी करायची गरजच उरली नाही. पुढच्या आसाशिओ आणि कागेरो वर्गाच्या विनाशिका सुरुवातीपासूनच २ हजार टनांच्या घरातल्या. कागेरो वर्गातली युकिकाझे अख्खं युद्ध लढून जिवंत राहिली आणि नंतर नुकसानभरपाईत चीनला गेली. तिच्या मजबुतीत हात्सुयुकी आणि यूगिरीवरच्या माणसांचा वाटा आहे असं मला वाटतं, कोणी तसं म्हणत नसलं तरी.

आणि अमेरिकनांनी हसू नये म्हणून हेही सांगतो. १८ डिसेंबर १९४४, फिलिपिन्सच्या पूर्वेला ॲडमिरल हॉल्सीने आपलं आरमार तुफानात घातलं, हल, मोनाहन आणि स्पेन्स या तीन विनाशिका उलटल्या, ७९० माणसं गेली. तिथेही तेच, युद्धात वर वर चढवत नेलेलं वजन, आणि जहाजांचं तेल संपत आलेलं त्यामुळे तळ हलका. पुन्हा जून १९४५ मध्ये दुसऱ्या तुफानात पिट्सबर्ग या त्यांच्या क्रूझरचं तोंड तुटलं, सेम टू सेम. फरक एवढाच की त्यांचं तोंडही तरंगत राहिलं आणि ते ओढून गुआमला आणलं, खलाशी त्याला पिट्सबर्गचं उपनगर म्हणायचे. तिथे एकही माणूस गेला नाही.

आपल्याकडे या प्रकरणाचं नाव फारसं कोणी घेत नाही, पण ती जहाजं आपल्या दारात येऊन गेलीत. एप्रिल १९४२, ॲडमिरल ओझावाची तुकडी बंगालच्या उपसागरात शिरली आणि दोनेक दिवसांत २० हून जास्त मालवाहू जहाजं बुडवली. र्यूजोवरून उडालेल्या विमानांनी ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले. त्या तुकडीत र्यूजो होती, मोगामी होती, आणि नवीन तोंड लावलेली यूगिरीही होती. सात वर्षांपूर्वी एकाच वादळातून मोडून आलेली तीन जहाजं आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यासमोर.

हात्सुयुकी १७ जुलै १९४३ ला बोगनव्हिलजवळ विमानहल्ल्यात बुडाली. यूगिरी त्याच वर्षी २५ नोव्हेंबरच्या रात्री केप सेंट जॉर्जच्या लढाईत, अमेरिकन विनाशिकांच्या हातून.